राईनपाड्याचा धडा : अफवेची वाट कोणी अडवावी?

रविवार, १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवडे बाजार भरला होता. त्या गर्दीत सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा परिसरातून पोटासाठी भटकत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले. गावोगाव भिक्षा मागून गुजराण करणे हा त्यांचा परंपरागत क्रम. ‘मुले पळवणारी टोळी आली’ अशी कुजबूज बाजारात उठली आणि पाहता पाहता शेकडोंचा जमाव त्यांच्याभोवती जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आले, जमाव आत घुसला आणि पाचही जणांचा तेथे ठेचून अंत झाला. त्या दिवशी राईनपाड्यातून एकही मूल पळवले गेले नव्हते.

त्याच सुमारास शेजारच्या मालेगावातही अशीच अफवा उठली. परगावहून आलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्यासोबत लहान मूलही होते. तेथे मात्र पोलीस वेळेवर मध्ये उभे राहिले आणि ते कुटुंब वाचले. दोन्हीकडे अफवा एकच होती आणि जमावही सारखाच होता. फरक पडला तो अडवणाऱ्या हाताचा.

वाचकहो, या घटनेला आता काही वर्षे लोटली. परंतु तिने उभा केलेला प्रश्न आज प्रत्येक घराच्या आणि प्रत्येक पेढीच्या दाराशी येऊन थांबला आहे. आपल्या हातातील मोबाइलवरून रोज जो मजकूर वाहतो, त्यावर नियंत्रण ठेवण्याची मोकळीक व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब यांसारख्या बलाढ्य कंपन्यांना असावी का? की ते काम सरकारचे आहे? की ते मुळीच कोणी करू नये?

अफवेचा प्रवास

मुले पळवणाऱ्यांची भीती नवी नाही. आपल्या आजीच्या काळातही ती होती. पण तेव्हा अफवेला गाव ओलांडायला दिवस लागत आणि वाटेत कोणीतरी शहाणा माणूस ‘हे तुला कोणी सांगितले?’ असे विचारीत असे. २०१८ साली हा प्रश्न विचारणारेच वाटेतून नाहीसे झाले होते. भारतात तेव्हा व्हॉट्सॲपचे वीस कोटींहून अधिक वापरकर्ते होते आणि आलेला संदेश एका स्पर्शात कितीतरी गटांत ढकलता येत असे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची कथा उद्बोधक आहे. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. मूळ चित्रफीत पाकिस्तानातील कराची येथे, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केली होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावध राहण्याचा संदेश दिला जातो. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा ‘आपल्या भागात टोळी फिरते आहे’ असे लिहून पुढे पाठवला. जागृतीचे चित्र असे विषाचे झाले. ज्याने कात्री चालवली त्याचा हेतू दुष्ट असेल. पण ज्या हजारोंनी ते पुढे ढकलले, त्यांतील बहुतेकांना आपण मुलांचे भलेच करीत आहोत असे वाटत होते. या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच आहे.

कंपनीने काय केले?

राईनपाड्याच्या घटनेनंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खरमरीत पत्र लिहिले. दहा दिवसांच्या आत वृत्तपत्रांतून ‘खोटी माहिती कशी ओळखावी’ अशा जाहिराती झळकल्या. दुसऱ्याकडून आलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. जुलै महिन्यातच भारतापुरती अशी मर्यादा आली की एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा बदल झाला. त्यानंतर असे संदेश पुढे जाण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. व्हॉट्सॲपवरील संदेश २०१६ पासून कुलूपबंद असतात. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तो कंपनीलाही वाचता येत नाही. म्हणजे कंपनीने एकही अक्षर पुसले नाही आणि खरे काय, खोटे काय याचा निवाडाही केला नाही. तिने फक्त वाट अरुंद केली. ‘नियंत्रण’ म्हटले की मजकूर काढून टाकणे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण आमच्या खानदेशातील रक्तपातानंतर जगाने जो उपाय स्वीकारला, तो मजकूर पुसण्याचा नव्हता, मजकुराचा वेग कमी करण्याचा होता. अशी मोकळीक कंपनीला नसती, तर प्रत्येक छोट्या बदलासाठी कायद्याची वाट पाहावी लागली असती.

तथापि हा उपाय पुरेसा होता, असेही म्हणता येत नाही. १६ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे एका ठिकाणाची मर्यादा जाहीर झाल्यावर अवघ्या काही दिवसांनी, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. तेथेही टाळेबंदीच्या काळात चोरांची आणि मुले पळवणाऱ्यांची अफवा पसरली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. तंत्राचा बांध अफवेचा वेग कमी करतो, पण तिचा उगम बंद करीत नाही.

पालघरचीच दुसरी बाजू

मग सरकारनेच सर्व मजकुरावर कडक नजर ठेवावी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तरही पालघरनेच दिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर सौम्य शब्दांत नापसंती लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शवली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ त्यांना लावण्यात आले होते. त्रासदायक वाटेल असा कोणताही मजकूर त्या कलमाच्या कक्षेत येऊ शकत होता.

या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट ठरली. एखादा मजकूर बेकायदेशीर आहे म्हणून काढावाच लागेल, ही सक्ती कंपनीवर केव्हा येते? कोणी खासगी व्यक्तीने तक्रार केली एवढ्याने ती येत नाही. न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची सूचना मिळाल्यावर ती येते. लाखो तक्रारींतील खऱ्या-खोट्याचा निवाडा कंपनीने करीत बसावे, अशी अपेक्षा न्यायालयाने ठेवली नाही.

राईनपाडा आणि पालघर या दोन्ही घटना महाराष्ट्राच्याच. पहिलीत मजकुराला कोणी अडवले नाही म्हणून माणसे गेली. दुसरीत अडवण्याचा अधिकार मोकाट सुटला म्हणून निरपराध मुलींना कोठडी पाहावी लागली. जो केवळ एकच घटना स्मरतो, त्याचा निर्णय चुकण्याची शक्यता अधिक.

कायद्याची चौकट

कंपनीला मध्यस्थ मानून संरक्षण देणारे कलम ७९ आपल्या कायद्यात आहे. त्याची गरज का पडली, हे व्यापारी वाचकांना लगेच समजेल. डिसेंबर २००४ मध्ये ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर कोणा विक्रेत्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली आणि संकेतस्थळाच्या प्रमुखांना अटक झाली. बाजारात एका गाळेधारकाने चोरीचा माल ठेवला म्हणून बाजार बांधणाऱ्याला धरावे, तसा हा प्रकार होता. त्यानंतर २००८ मध्ये कायदा दुरुस्त होऊन मध्यस्थाचे संरक्षण स्पष्ट करण्यात आले.

या संरक्षणाला अटी मात्र आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, तक्रारीची पोच २४ तासांत दिली पाहिजे आणि ठरावीक मुदतीत तिचा निकाल लावला पाहिजे. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर आणखी जबाबदाऱ्या आहेत. स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला कारण कळवणे आणि त्याचे म्हणणे मांडण्याची संधी देणे, हे त्यांतील एक कर्तव्य. २०२३ पासून केंद्राच्या तक्रार अपील समित्याही काम करीत आहेत. कंपनीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास ३० दिवसांत तेथे ऑनलाइन अपील करता येते. आपल्यापैकी किती जणांना ही वाट ठाऊक आहे?

शासनाच्या अधिकाराची मर्यादा कोठे असावी, हा वाद अद्याप मिटलेला नाही. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवावे, असा नियम २०२३ मध्ये झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये, मजकूर काढण्याच्या सूचना कंपन्यांना पाठवणाऱ्या शासनाच्या ‘सहयोग’ व्यवस्थेविरुद्ध एक्स कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळली. एका न्यायालयाने शासनाचा हात रोखला, दुसऱ्याने तो उचलून धरला. प्रश्न किती अवघड आहे, हे यावरून कळते.

पेढी बंद पडते तेव्हा

आता हाच विषय आपल्या दुकानाच्या बाजूने पाहू. जळगावच्या दाणाबाजारातील डाळीचा भाव, सराफ बाजारातील नव्या घडणीचे छायाचित्र, रावेर-यावलच्या केळीची आवक, धुळ्याच्या कापडदुकानातील नवा माल हे सारे आज व्हॉट्सॲपवरूनच ग्राहकापर्यंत पोहोचते. समजा, दिवाळीच्या तोंडावर एखाद्या व्यापाऱ्याने दोनशे ग्राहकांना एकाच वेळी भावपत्रक पाठवले आणि यंत्राने त्यास उपद्रवी ठरवून खाते बंद केले. वर्षानुवर्षांचे संपर्क आणि मागणीची नोंद क्षणात डोळ्यांआड होते. विचारावे तर समोर माणूस नाही, ठरीव उत्तर देणारे यंत्र आहे.

ही भीती काल्पनिक नाही. १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यात व्हॉट्सॲपने भारतातील २० लाखांहून अधिक खाती बंद केल्याचे कंपनीनेच जाहीर केले. त्यांतील बहुसंख्य खाती घाऊक संदेश पाठवणारी होती आणि फसवणूक रोखण्यासाठी अशी कारवाई आवश्यकही असते. ‘घरबसल्या कमवा’ म्हणून लुबाडणाऱ्यांची खाती बंद झाली तर आपण आनंदच मानू. पण लाखांच्या या राशीत चार प्रामाणिक दाणेही पाखडले गेले, तर त्यांनी दाद कोठे मागावी?

ऑक्टोबर २०२५ मध्ये खाते बंद झालेले काही याचिकाकर्ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. व्हॉट्सॲप मिळणे हा कोणता मूलभूत हक्क, असा प्रश्न न्यायालयाने केला. ‘अरट्टाई’सारखे देशी पर्याय असल्याचेही सुचवले आणि अखेर याचिका मागे घेण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने यात तथ्य आहे, कारण खासगी कंपनीची सेवा हा मूलभूत हक्क ठरवणे सोपे नाही. परंतु व्यवहार निराळा असतो. ज्या बाजारात सगळे ग्राहक एकाच रस्त्याने येतात, तेथे ‘दुसऱ्या रस्त्याला दुकान काढा’ हा सल्ला पचायला जड जातो.

जगात काय चालले आहे?

अमेरिकेत टेक्सास व फ्लोरिडा या राज्यांनी, मोठ्या कंपन्यांनी विचारांच्या आधारे मजकूर गाळू नये, असे कायदे केले. १ जुलै २०२४ रोजी, योगायोगाने राईनपाड्याच्या सहाव्या स्मृतिदिनी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही प्रकरणे पुन्हा विचारासाठी खाली पाठवली. मात्र कोणता मजकूर दाखवावा व कोणता नाही, ही निवड संपादकाच्या निवडीसारखी अभिव्यक्तीच आहे, असे बहुमताने स्पष्ट केले. युरोपने दुसरी दिशा धरली. कंपनीला निवडीची मुभा आहे, पण मजकूर काढल्यास कारण द्यावे लागते आणि अपिलाची सोय ठेवावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा पूर्णपणे लागू आहे. म्यानमारमध्ये हिंसा भडकवण्यासाठी आपल्या माध्यमाचा वापर झाला आणि तो रोखण्यास आपण पुरेसे केले नाही, हे फेसबुकने २०१८ मध्ये मान्य केले. मोकळीक असूनही ती वापरली नाही, तर काय घडते याचे ते उदाहरण आहे.

हिशोबपट्टी मागावी

या साऱ्याचा विचार करता प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, मजकुराचे नियंत्रण करण्याची मोकळीक कंपन्यांना असावी. ज्या दुकानदाराला आपल्या दुकानातील भेसळीचा माल बाहेर काढता येत नाही, त्याचे दुकान फार काळ चांगले राहत नाही. हा अधिकार सर्वस्वी शासनाच्या हाती गेला तर पालघरची पुनरावृत्ती होईल आणि कोणाच्याच हाती नसेल तर राईनपाड्याची.

पण मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. बाजार समितीची रीत आपल्याला परिचित आहे. अडत्या आपला व्यवसाय स्वतंत्रपणे करतो, तरीही लिलाव उघड होतो, वजन सर्वांसमक्ष होते आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. कपात केली तर ती कशाची केली, हे पट्टीवर लिहिलेले असते. याच रीतीने कंपनीने मजकूर काढला किंवा खाते बंद केले, तर कोणत्या नियमाने आणि कोणत्या कारणास्तव, हे लेखी आणि मराठीतही कळवावे. अपील यंत्राकडे नव्हे, माणसाकडे जावे आणि त्याला मुदत असावी. शासनाने मजकूर काढण्यास सांगितले असेल, तर तेही लपवू नये.

एका प्रश्नावर मात्र सावध राहिले पाहिजे. संदेश प्रथम कोणी पाठवला हे शोधता यावे, अशी अट २०२१ च्या नियमांत आहे. व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले असून, कुलूप तोडावे लागले तर आपल्याला भारतातून जावे लागेल, असे एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले. राईनपाड्यातील पाच कुटुंबांचे दुःख आठवले की ही अट न्याय्य वाटते. पण तेच कुलूप आपल्या मुलामुलींची स्थळे, बँकेचे तपशील आणि सौद्याचे भाव सुरक्षित ठेवते. एका चोरासाठी साऱ्या गावाच्या किल्ल्या एका जागी जमा कराव्यात का, याचा विचार शांतपणे व्हावा. वेग कमी करण्याचा उपाय कुलूप न तोडताही करता येतो, हे आपण पाहिलेच आहे.

आपला वाटा

शेवटची गोष्ट आपल्या घरातली. आपल्या समाजाचे कितीतरी गट आहेत. कोठे विहाराची वार्ता येते, कोठे स्थळांची माहिती, कोठे शोकवार्ता, तर कोठे बाजारभाव. या गटांच्या प्रमुखांना अनेकदा भीती वाटते की, सदस्याने काही टाकले तर पोलीस आपल्या दारी येतील. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये या बाबतीत दिलासा दिला. समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ गटप्रमुख म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

कायद्याने आपल्याला सोडले, म्हणून कर्तव्यातून आपण सुटलो असे नाही. कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा अतिचार आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. स्वतः खोटे न लिहिता, दुसऱ्याचे खोटे तपासल्यावाचून पुढे ढकलणारा त्या दोषापासून किती दूर राहतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. गटप्रमुखाच्या हातात मजकूर काढण्याची सोय आहे. तो काढताना सदस्याला वैयक्तिक निरोप पाठवून ‘काका, ही बातमी खरी नाही, म्हणून काढली’ असे आदराने सांगितले, तर ज्येष्ठांचा मान राहतो आणि गटाची शिस्तही राहते. कंपन्यांकडून आपण जे कारण मागतो, ते आपल्या सदस्यांना देण्यास आपणही बांधलेले आहोत.

राईनपाड्याला गेलेल्या पाच जणांकडे भिक्षेची झोळी होती. त्यांच्याविषयी जो निरोप फिरला, त्याला ‘हे कोणी सांगितले?’ असे वाटेत कोणी विचारले असते, तर ते आपापल्या घरी परतले असते. तो प्रश्न कंपनीने विचारावा, शासनाने विचारावा, न्यायालयाने विचारावा. पण निरोप सर्वप्रथम ज्याच्या हाती येतो, त्याला तो विचारायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.